बांध पेटवायच्या आधी खाली वाकून बघा

मार्च-एप्रिल आला की बांध पेटतात, नाहीतर जेसीबी लागतो. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याशी आपण कोर्टापर्यंत भांडतो, पण त्याच बांधात कोण राहतं हे बघायला कुणी वाकत नाही. आज झाकणाच्या कोळ्याबद्दल लिहितोय. इंग्रजीत त्याला ट्रॅपडोअर स्पायडर म्हणतात.

हा कोळी जाळं विणून लटकत नाही. तोंडापाशी दाताळ्यासारखे काटे असतात, त्यांनी माती उकरून उभं बीळ करतो आणि आतून रेशमाचं अस्तर लावतो. वर माती आणि रेशमाचं झाकण. एका बाजूला बिजागरी, पेटीला असते तशी. बंद असलं तर शेजारची माती आणि झाकण यात फरक दिसत नाही. रात्री झाकण किंचित उचलून दाराशी बसतो. मुंगी, रातकिडा, भुंगेरा जवळून चालला की जमिनीचा हादरा पायाला कळतो, झडप घालतो आणि आत ओढतो. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातही इडिऑप्स या वंशाचे असे कोळी आहेत.

आता मुद्द्याचं. मादी सहसा एकाच बिळात जन्म काढते. वाढेल तसं बीळ रुंद करते, झाकण मोठं करते. नर तेवढे वयात आल्यावर मादीच्या शोधात बाहेर पडतात. पिल्लं बहुतेक आईच्या आसपासच बिळं करतात. म्हणजे वस्ती पसरते ती पावलापावलाने.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, गव्हाच्या पट्ट्यातल्या एका राखीव रानात, बार्बरा यॉर्क मेन या बाईंनी 1974 पासून अशा कोळ्यांच्या बिळांना नंबर देऊन नोंदी ठेवल्या. त्यातली 16 नंबरची मादी 43 वर्षं जगली. 2016 साली तिच्या झाकणाला गांधीलमाशीने पाडलेलं भोक दिसलं आणि बीळ रिकामं होतं. आजूबाजूचं रान गव्हासाठी साफ झालं होतं, ती टिकली ती न नांगरलेल्या तुकड्यात.

काही जण म्हणतील, याने माझी कीड किती कमी होणार? खरं सांगतो, या एका कोळ्याच्या भरवशावर फवारणी थांबवू नका. तो दारापुढून जाईल तेवढंच खातो. पण प्रत्येक जिवाला 'मला काय देतोस' असं विचारायचं कशाला? माझं मत असं, की हा कोळी म्हणजे बांधाचा सातबारा आहे. मोठं, जुनं बीळ दिसलं तर समजा, ही माती बरीच वर्षं कुणी उलथवलेली नाही. तीच माती पावसाळ्यात बांध धरून ठेवते.

एक लक्षात घ्या. कापलेलं गवत पुढच्या पावसात येतं. जेसीबीने उलटलेली जुनी वस्ती तशी येत नाही.

म्हणून सगळा बांध सोडा असं म्हणत नाही. सावलीकडचा, उताराचा, ओढ्यालगतचा एक तुकडा ठरवा. तिथे जाळ नको, तणनाशक नको, खोरं नको. गवत विळ्याने वरून कापा. रुपयाएवढं किंवा त्याहून लहान गोल झाकण दिसलं तर काडीने उचकटू नका, फोटो काढा आणि पुढे चला.

तुमच्याकडे याला काय म्हणतात? खाली लिहा, तालुक्याच्या नावासकट.