बॅनरवर रेघा का येतात?

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला आपण लोणच्यावर बुरशी का धरते ते पाहिलं. आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे, पण हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी दुकानाच्या गल्ल्यावर बसतात, तेव्हा तोही आपलाच.

दारव्ह्याहून एका भगिनीचं पत्र आलंय. यजमानांनी कर्ज काढून फ्लेक्स छापायचं मोठं यंत्र घेतलं. ते बॅनर बांधायला आणि उधारी मागायला बाहेर असतात, छपाई ह्याच पाहतात. मे महिन्यात एका घरच्या तेरवीचं बॅनर रात्री छापायला घेतलं, तर गेलेल्या आजोबांचा चेहरा हिरवट उमटला, आणि कपाळावरून आडव्या पांढऱ्या रेघा. सकाळी मुलगा न्यायला आला. बॅनरकडे पाहत राहिला आणि गुंडाळून घेऊन गेला. "चार शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं," असं त्या लिहितात. आता दुरुस्तीवाला म्हणतो, हेड बदला. हेडची किंमत म्हणजे दुर्गोत्सवात होणारी सगळी कमाई. काय करावं?

ताई, आधी हेड बदलू नका. माझ्या दिरांचं यवतमाळात असंच दुकान आहे, आणि शाळा सुटल्यावर मी तिथे बसते, म्हणून अनुभवाचं सांगते.

आजोबा हिरवे का झाले ते आधी पाहू. यंत्र चारच शायांतून सगळे रंग करतं: निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा. माणसाच्या कातडीचा रंग मुख्यतः गुलाबी नि पिवळ्यातून होतो. गुलाबी अडला की उरतो पिवळा आणि थोडा निळसर, म्हणजे हिरवाच की! तेव्हा तुमच्या यंत्राचा गुलाबी रंग पुरा उतरत नव्हता. तुमचं मांडणीत काही चुकलं नव्हतं.

हेडला केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रं असतात. दुकानात त्यांना नोझल म्हणतात. प्रत्येक यंत्रात नोझलची चाचणी छापायची सोय असते. त्यात दर रंगाच्या लहान लहान रेघा पायऱ्यांसारख्या उमटतात, आणि जिथे रेघ नाही ते नोझल बंद. रोज सकाळी पहिलं काम हेच करा, हातभर फ्लेक्स जाईल तर जाऊ द्या. तारीख घालून तुकडा जपून ठेवा.

आता खरी मेख. चाचणी घ्या, एकदा सफाई द्या, पुन्हा चाचणी घ्या आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. रेघ दोन्हीत त्याच जागी तुटली असेल तर तिथे शाई वाळून बसली आहे. जागा बदलत असेल, किंवा सुरुवातीला सगळं ठीक उमटून दोन-चार फुटांनंतर रंग जात असेल, तर हेड बहुधा चांगलं आहे. शाई पुरेशी पोचत नाही. नळीत हवा शिरली असेल, गाळणी तुंबली असेल, किंवा लहान टाकीतली पातळी उतरली असेल. अशा वेळी नवं हेड बसवलं तरी रेघा येतीलच. दुरुस्तीवाल्यासमोर हे दोन तुकडे ठेवा आणि मग विचारा, हेडच का?

आपल्या जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. त्या कोरड्या झळांत शाई नोझलच्या तोंडाशीच सुकते. छपाई चालू असताना वीज गेली की हेड उघडंच राहतं, आणि अर्ध्या तासात काम बिघडतं. यंत्राच्या पुस्तकात परवानगी असेल तर हेडची गाडी हलक्या हाताने तिच्या जागेवर नेऊन झाका. कुलरने खोलीत ओलावा राहतो, पण त्याचा झोत यंत्रावर नको.

शाई वाळलेली असेल तर शाईच्या कंपनीचाच सफाईचा द्रव वापरा. पाणी नको, रंगाच्या दुकानातला थिनर तर नकोच नको. आपल्या आया स्टोव्ह तुंबला की पिन घालायच्या, ती सवय इथे विसरा. पिन लागली की नोझल कायमचं गेलं. आणि आपण कापसाच्या जिल्ह्यातल्या असलो तरी हेडला कापूस लावायचा नाही. त्याचे तंतू छिद्रांत अडकतात. फोमच्या टोकाची काडी घ्या, घासू नका, नुसतं टेकवून शाई टिपून घ्या. दिवसातून दहादा सफाई देणंही वाईट, शाई वाया जाते आणि हेड झिजतं.

चाचणी अगदी पुरी येते, तरी बॅनरवर ठरावीक अंतराने आडव्या रेघा? मग दोष फ्लेक्स सरकण्याच्या मापात. पांढरी रेघ म्हणजे फ्लेक्स जास्त सरकतंय, गडद रेघ म्हणजे कमी. यंत्राच्या सेटिंगमधलं हे माप थोडं थोडं बदलून पाहा. अक्षरं दुहेरी दिसली तर एकाच दिशेने छापून बघा. तेवढ्याने सुधारलं तर जाता-येतानाच्या छपाईचा मेळ बसवून घ्यायचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत मांडा. मी एकदा घाईत तीन गोष्टी एकदम फिरवल्या, आणि कशाने बिघडलं तेच शेवटपर्यंत कळलं नाही.

एक महत्त्वाचं: या शाईचा वास छातीला बरा नव्हे, आणि ती पेट घेते. खिडकी उघडी, हातात मोजे, पोरंबाळं दूर. दिवस गेलेल्या बाईने तर सफाईचं काम करूच नये. दसऱ्याला यंत्राची पूजा जरूर करा, पण उदबत्ती बाहेर लावा आणि हळद-कुंकू वरच्या पत्र्यालाच लावा, हेडच्या बाजूला नको.

ताई, सफाईच्या आधीचा आणि नंतरचा असे चाचणीचे दोन तुकडे मला पाकिटातून पाठवा. मागे तारखा लिहा. आणि आजोबांचा फोटो अजून संगणकात असेलच. गुलाबी रेघा पुऱ्या आल्या की तो एकदा नीट छापून त्या घरी नेऊन द्या. पैसे मात्र मागू नका.