आधी शाळा, मग सिद्धान्त

राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवी शिक्षणाची नवी श्रेयांकरचना आणली. स्वायत्त महाविद्यालयांत ती त्याच वर्षी सुरू झाली, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. तेव्हापासून अभ्यास मंडळांच्या बैठकींत एकच तक्ता सर्वांपुढे असतो : मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्यवसाय कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण. कुठे दोन श्रेयांक, कुठे चार. सत्राची बेरीज जुळली की इतिवृत्तावर सह्या होतात आणि अभ्यासक्रम तयार झाला असे आपण मानतो.

बी.ए.ला शिक्षणशास्त्र हा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्यांशी आम्हाला या तक्त्याविषयीच बोलायचे आहे. श्रेयांक किती, हे वरून ठरून येते. कोणता विषय कशाच्या आधी आणि का, हे मात्र वरून येत नाही. ते ठरवणे हे विभागाचे काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच राहून गेले आहे.

ही पदवी आहे कशासाठी, हे आधी स्पष्ट हवे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. शिक्षणशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा द्यावा आणि पदवी व पदव्युत्तर पातळीवर तो ऐच्छिक विषय म्हणून शिकवावा, अशी या आयोगाची शिफारस होती. वर्गात कसे शिकवावे, याच्या प्रशिक्षणापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. समाज आपल्या मुलांना काय शिकवतो, कोणाला शिकवतो, कोणाला वगळतो आणि त्याचा खर्च कोण उचलतो, याचा अभ्यास तिच्यात अपेक्षित आहे.

प्रत्यक्षात आपण काय केले? अभ्यासक्रम लिहिणारे बहुतेक जण बी.एड.-एम.एड.च्या वाटेने आलेले. त्यामुळे बी.एड.चे पेपर थोडे सोपे करून बी.ए.त आणले गेले. पण बी.एड.चा विद्यार्थी आधीच पदवीधर असतो आणि दोन वर्षांत त्याचे वीस आठवडे शाळेत जातात. बी.एड.मधून सराव पाठ आणि छात्रसेवाकाल वजा केला की जे उरते, ते आपण अठरा वर्षांच्या मुलापुढे पहिल्याच सत्रात ठेवतो : आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद, थॉर्नडाइकचे नियम, पावलोव्हचा कुत्रा, स्किनरची पेटी. तो प्रत्येकाचे चार मुद्दे पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि दुसऱ्या सत्रापर्यंत विसरतो. यात दोष त्याचा नाही. ज्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत, ते प्रश्न त्याला अजून पडलेलेच नाहीत.

दुसरी एक गोष्ट माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर ठळक छापायला हवी. शिक्षणशास्त्रातील बी.ए. ही शिक्षक होण्याची पात्रता नव्हे. त्यासाठी बी.एड. किंवा डी.एल.एड. आणि पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, जो २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला, तोही वेगळा. त्याची प्रवेश परीक्षाही वेगळी. नावे सारखी वाटतात म्हणून ग्रामीण भागातील किती तरी विद्यार्थी ‘मास्तर होता येईल’ या भरवशावर हा विषय घेतात. त्यांना सत्य तिसऱ्या वर्षी कळू नये. पूर्वप्राथमिक शिक्षण, पाठ्यसामग्री व मूल्यमापन, स्वयंसेवी संस्था, शैक्षणिक प्रशासन, संशोधन, पत्रकारिता या वाटा त्यांना पहिल्याच दिवशी दाखवाव्यात. पुढे बी.एड. करायचे असेल, तर मेजर किंवा मायनरमध्ये शालेय विषय असलाच पाहिजे, हेही तेव्हाच सांगावे.

आता क्रमाकडे वळू.

पहिले वर्ष मुलाचे आणि शाळेचे असावे. नुकताच बारावी झालेला विद्यार्थी एकच शाळा आतून ओळखतो, ती म्हणजे त्याची स्वतःची. तिथूनच आरंभ करता येतो. नंतर त्याने दुसऱ्या प्रकारची एक शाळा पाहावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्याने खासगी इंग्रजी शाळा, शहरातल्याने आश्रमशाळा, ज्याच्या तालुक्यातून ऊसतोड मजूर स्थलांतर करतात त्याने त्यांच्या मुलांसाठीची सोय. पाहणे म्हणजे फेरफटका नव्हे, त्याला काम हवे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास ठरवून दिले आहेत. विद्यार्थ्याने शाळेचे वेळापत्रक घ्यावे. परिपाठ, मधली सुट्टी, पोषण आहार, स्नेहसंमेलनाची तयारी, शिक्षकांची अशैक्षणिक कामे वजा करावीत आणि शिकवण्याचे तास किती उरतात ते मोजावे. जनरल रजिस्टरमधून दहा वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्या मुलांची संख्या घ्यावी आणि त्यांतली किती आठवीपर्यंत त्याच शाळेत राहिली, ते शोधावे. मुलांची नावे त्याने उतरवू नयेत, फक्त संख्या घ्याव्यात. एवढ्या कामातून धोरण, गळती, स्थलांतर हे शब्द त्याच्यासाठी जिवंत होतात.

दुसऱ्या वर्षी इतिहास आणि मानसशास्त्र. मूल शिकताना पाहिलेल्याला पियाजे आणि व्हायगॉट्स्की यांच्यातला मतभेद समजतो, न पाहिलेल्याला तो नोट्समधला तक्ता वाटतो. इतिहासासाठी महाराष्ट्राइतकी समृद्ध सामग्री क्वचितच कुठे असेल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी दिलेले निवेदन मुळातून वाचता येते. त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी आहे. १९०६ मध्ये बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी सक्ती लागू केली, १९११ मध्ये गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले ते नामंजूर झाले, १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. हे चार टप्पे एकापुढे एक ठेवले की खर्च आणि सत्ता यांचा शिक्षणाशी असलेला संबंध विद्यार्थ्याला स्वतःच दिसतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी-कोसबाडचे काम वाचल्यावर जवळच्या अंगणवाडीत एक आठवडा बसावे. माँटेसरीचे साहित्य आदिवासी पाड्यावर कसे बदलले, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. आदर्शवाद आणि कार्यवाद आता शिकवावेत. विद्यार्थी वाद घालतील.

तिसऱ्या वर्षी धोरण, अभ्यासक्रम, मूल्यमापन, भाषा आणि शिक्षणाचे अर्थकारण. घरी गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणारे मूल मराठी पाठ्यपुस्तकासमोर बसते तेव्हा काय होते, हा पेपर महाराष्ट्रातल्या विभागांनी लिहायचा नाही तर कोणी? ‘यू-डायस’ची आकडेवारी आणि ‘असर’चे अहवाल वाचायला शिकवणे हेही याच वर्षाचे काम. एकाच जिल्ह्याविषयी हे दोन स्रोत वेगवेगळ्या गोष्टी का सांगतात, हे ज्याला समजावून देता आले त्याला संशोधन पद्धतीचा अर्धा पेपर समजला. चौथे वर्ष मग संशोधनाचे किंवा एका विषयात खोल जाण्याचे.

हा क्रम आम्ही हवेत मांडलेला नाही. १९९४ मध्ये सुरू झालेला दिल्ली विद्यापीठाचा बी.एल.एड. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम शिक्षक घडवण्यासाठी होता. पण त्याची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे. पहिल्या वर्षी बालविकास आणि समकालीन भारत, पुढे मुलांचे निरीक्षण, मग वर्गव्यवस्थापन आणि शेवटच्या वर्षी शाळेत दीर्घ काळ काम. सिद्धान्त आणि शाळा तिथे चारही वर्षे बरोबरीने चालत.

एक अडचण खरी आहे. नव्या रचनेत विद्यार्थी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र अथवा पदविका घेऊन बाहेर पडू शकतो. मग क्रम पाळायचा कसा? आमच्या मते यामुळे क्रमाची गरज उलट वाढते. एका वर्षाने बाहेर पडणारीला निदान मुलाचे निरीक्षण करून नीट नोंद लिहिता यावी. त्याचा उपयोग तिला अंगणवाडीत, ग्रंथालयात, स्वतःच्या घरातही आहे. पहिल्या वर्षी तीन वादांची नावे पाठ करून बाहेर पडणारीच्या हाती काहीच राहत नाही.

तासांचा हिशेब पाहा. तात्त्विक विषयाच्या एका श्रेयांकाला १५ तास, प्रात्यक्षिकाला ३०. दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे अवघे तीस तास, त्यांतले चार-पाच चाचण्यांत जातात. जुना शंभर गुणांचा पेपर घेऊन प्रत्येक घटकातले दोन उपघटक गाळले की तो तीस तासांचा होत नाही, फक्त विरळ होतो. अशा पेपरसाठी आधी दोन-तीन प्रश्न लिहावेत आणि त्यांना लागेल तेवढीच सामग्री ठेवावी.

क्षेत्र प्रकल्पाचे दोन श्रेयांक म्हणजे साठ तास. ते महाविद्यालयाच्या वेळापत्रकात दिसले पाहिजेत. शाळा आणि महाविद्यालय एकाच वेळी भरतात, म्हणून आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. जिथे शनिवारी सकाळची शाळा असते, तिथे शनिवार सोयीचा. साठ जणांचा वर्ग एका शाळेवर नेऊ नये. चार-पाच जणांचा गट आणि त्याला वर्षभर एकच शाळा. परवानगीचे पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि मुख्याध्यापकांकडे सत्रारंभीच द्यावे, आणि विद्यार्थ्यांनी जमवलेली माहिती वर्षअखेरीस त्या शाळेलाही द्यावी. शाळा काही आपली प्रयोगशाळा नव्हे.

मूल्यमापन बदलले नाही, तर हे सारे कागदावर राहील. जर्नल हा प्रकार आपण सगळे ओळखतो : मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेले, सुबक मथळ्यांचे. त्याऐवजी हाताने लिहिलेल्या कच्च्या नोंदी आणि त्यांवर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा ठेवावी. पाहिलेल्याला बोलता येते.

वाचनसाहित्य मराठीत नाही, ही तक्रार निम्मीच खरी आहे. गाईडच्या पलीकडे पाहिले, तर ‘पालकनीती’, ‘शैक्षणिक संदर्भ’, ‘जीवन शिक्षण’ यांच्या जुन्या अंकांत वर्गातल्या कामावरचे मराठी लेखन आहे आणि शासन निर्णय तर मराठीतच असतात. प्रत्येक पेपरला असे दोन-तीन मूळ लेख जोडावेत.

अभ्यास मंडळाच्या सदस्यांना आमची विनंती तीन गोष्टींची आहे. पुढच्या बैठकीत तक्त्याआधी एक पान मांडा : चारही वर्षांत विद्यार्थ्याने कोणत्या क्रमाने काय पाहायचे, वाचायचे आणि करायचे. बैठकीला एक कार्यरत प्राथमिक शिक्षक आणि एक माजी विद्यार्थी बोलवा. आणि पहिल्या सत्रातील तत्त्वज्ञानाचा पेपर दुसऱ्या वर्षात हलवा. यातल्या कशालाही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ज्या विभागांनी असे बदल केले असतील, त्यांनी आपले अभ्यासक्रम आमच्याकडे पाठवावेत. या मासिकाची पाने त्यांच्यासाठी खुली आहेत.