विहिरीचं पाणी मचूळ का होतं?



कृष्णाकाठी माझ्या दोन विहिरी. एक नदीलगतच्या मळईत, दुसरी वरच्या अंगाला खोल काळ्या रानात. पाऊस एकच, खालचा कातळही एकच. तरी मळईतलं पाणी गोड आणि वरचं मचूळ. मोटेच्या काळात तेही गोड होतं, असं वडील सांगत.

फरक पाणी कशातून वाहत येतं यानं पडतो. कातळ झिजून पाण्यात चुना म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं. हे पाणी चिकण काळ्या मातीतून मुंगीच्या पावलानं सरकतं तेव्हा देवघेव चालते. माती चुना धरून ठेवते आणि आपल्याजवळचा सोडियम पाण्यात सोडते. काही चुना चुनखडीच्या खड्यांच्या रूपानं जागीच बसतो. मग पाण्यात सोडियम वरचढ. तेच पाणी आपण उसाला वारेमाप पाजतो, ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागं राहतात, आणि सोडियम उलट मातीला चिकटून रान चोपण होतं. मळईत वाळू-गोट्यांतून पाणी झटकन निघून जातं. देवघेवीला वेळच मिळत नाही.

आता युरिया. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र. उसानं न घेतलेल्यातलं बरंचसं नायट्रेट होऊन खाली झिरपतं. नदीकाठच्या कुजक्या गाळात हवा नसते. तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. यावरून काही मंडळी म्हणतात, "नदी सगळं पचवते." मला हे बिलकूल पटत नाही. कुजकं संपत आलं की ते काम मंदावतं. शिवाय त्याच गाळात लोह विरघळतं, म्हणून घागरीत तांबूस साका बसतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि ते जिभेला कळत नाही. मीठ तर कोणताच जिवाणू खात नाही. ते खालच्या शेजाऱ्याच्या रानात जातं.

जिप्सम टाकावं हे खरं. पण निचरा नसेल तर सुटलेला सोडियम जाणार कुठं? चर आपल्या बांधापर्यंत काढून भागत नाही, ओढ्यापर्यंत न्यावा लागतो, आणि ओढा सगळ्यांचा. म्हणून कारखान्यानं ओढे मोकळे करण्याचं काम गटवार हाती घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. वार्षिक सभेत आपण दरावर तासभर भांडतो. यावर पाच मिनिटं कुणी बोलत नाही.

तोवर मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, असं दोनदा विहिरीचं पाणी तपासून घ्या. पंप अर्धा तास चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, मग भरा.