दावा नको, सिद्धता हवी

करवीरनिवासिनी महालक्ष्मीच्या हाती महाळुंग आहे. लिंबूवर्गातील या फळाची साल कडू, पचावयास जड आणि वात, कफ व कृमी यांचा नाश करणारी असते, असे सुश्रुतसंहिता सांगते. गराचे गुण तिने वेगळे नोंदविले आहेत. इतके सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्या आचार्यांनी सालीने स्मृतिभ्रंश बरा होतो, असे तेथे म्हटलेले नाही. तरीही परदेशातून सालीविषयी एखादे संशोधन प्रसिद्ध झाले की 'हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच' असा घोष आपल्याकडे सुरू होतो. असा घोष म्हणजे पूर्वजांचा गौरव नव्हे.

जपानने वेगळी वाट धरली. तेथील 'कांपो' वैद्यकात संत्रावर्गीय फळांची वाळलेली साल 'चिंपी' या नावाने वापरली जाते. तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी अशा सालीतील 'नोबिलेटिन' हे द्रव्य तपासले. अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांच्या मेंदूतील अमिलॉइड प्रथिनाचे साठे त्यामुळे घटले व स्मरणशक्ती सुधारली, असे २००८ मध्ये दिसून आले. २०१३ मध्ये मोजक्या रुग्णांवरील अनुभवही प्रसिद्ध झाला. एवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही. मात्र परंपरेला प्रयोगशाळेच्या कसोटीवर उभे करण्याचे धैर्य त्यातून दिसते.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असाव्यात, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. पोटच्या मुलाला न ओळखणारी आई ज्या घरात आहे, त्या घराला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हळदीवरील अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते भारताने लेखी पुरावे सादर केले म्हणून. त्या विजयाने वारसा राखला. पण राखलेल्या वारशातून औषध घडविण्याचे कार्य उरतेच.

त्यासाठी लागणारी सामग्री देशात आहे. नागपुरी संत्रे आहे, नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, वैद्य आहेत, मेंदुविज्ञानाचे अभ्यासकही आहेत. या सर्वांना एका दीर्घकालीन प्रकल्पात गुंफणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. तोवर सालीचे चूर्ण 'स्मृतिवर्धक' म्हणून विकणाऱ्यांना समाजाने थारा देऊ नये आणि कुटुंबीयांनीही त्याच्या भरवशावर रुग्णाचे चालू उपचार थांबवू नयेत. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी तर याबाबतीत अधिकच काटेकोर राहावयास हवे. कारण खोट्या दाव्याने रुग्ण फसतो, तेव्हा आयुर्वेदाचीही अप्रतिष्ठा होते.