चौथ्या गटातल्या बायका

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे नाव जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांना ठाऊक आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासोबत १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका आणि त्यांचे चार गट. एका गटाची एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला आजाराची माहिती दिली, तपासणी कुठे होते ते सांगितले. तपासणी केली नाही.

निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ जणी दगावल्या, चौथ्या गटात ६४.

संशोधकांची बाजू अशी, की भारतात तेव्हा अशा तपासणीची सरकारी सोयच नव्हती. म्हणजे चौथ्या गटाकडून काही काढून घेतले नाही. हा युक्तिवाद पटत नाही. पॅप स्मिअरने जीव वाचतात हे श्रीमंत देशांना कित्येक दशके माहीत होते. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीचा हेलसिंकीचा जाहीरनामा तेव्हाही तुलनेच्या गटातल्या प्रत्येक रुग्णासाठी सिद्ध झालेल्या उत्तम निदानाची हमी मागत होता. अमेरिकेत बायकांना असे तपासणीविना ठेवणारा अभ्यास कोणत्या नीतिसमितीने मंजूर केला असता? उस्मानाबाद जिल्ह्यातल्या परंड्याच्या बाईला तिच्या तालुक्यातल्या गैरसोयीच्या मापाने मोजायचे, हे न्यायाचे नाही. अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी हाच आक्षेप घेतला. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतल्या तीन अभ्यासांत तपासणीविना राहिलेल्या गटांतल्या किमान २५४ बायका दगावल्या, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

बार्शीच्या डॉक्टरांनी कर्करोगाचे उपचार खेड्यांपर्यंत नेले, हे श्रेय त्यांचेच. पण या अभ्यासाचा लाभ कुणाला झाला? एचपीव्ही चाचणीला जगभर मान्यता मिळाली. भारताच्या २०१६ च्या सरकारी कार्यक्रमाने मात्र ॲसिटिक आम्लाची तपासणी निवडली. मुंबईच्या अभ्यासात तिने मृत्यू घटवले होते, हे खरे. उस्मानाबादच्या बायकांत तसा ठोस फरक दिसला नव्हता.

त्या चौथ्या गटाची गावे नोंदींत आहेत. तिथल्या बायकांची आणि त्यांच्या लेकीसुनांची एचपीव्ही चाचणी गावातच, मोफत व्हायला हवी. तिचा खर्च सरकारने आणि अभ्यास करणाऱ्या संस्थांनी मिळून उचलावा.