बातमीचा सातबारा

धाराशिवच्या वाशी तालुक्यातला शेतकरी चार गुंठे घ्यायचे म्हटले तरी आधी सातबारा काढतो. भोगवटादाराचे नाव वाचतो आणि बोट ‘इतर हक्क’च्या रकान्यावर नेतो : बोजा कुणाचा आहे? तोच शेतकरी सकाळी टपरीवर पेपर उघडतो, रात्री बातम्या लावतो. त्या बातमीवर बोजा कुणाचा, हे मात्र तो विचारत नाही. विचारायची वेळ आली आहे.

बोज्याची मालकी कशी होते, हे एनडीटीव्हीच्या व्यवहारात दिसले. प्रवर्तकांच्या कंपनीने २००९-१० मध्ये सुमारे ४०३ कोटींचे कर्ज घेतले; त्या बदल्यात या कंपनीचे शेअर घेण्याची मुभा कर्ज देणाऱ्याला करारातच होती. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने कर्ज देणारी कंपनीच विकत घेतली. वर्ष संपेपर्यंत वाहिनीतला निम्म्याहून अधिक हिस्सा समूहाकडे गेला. १ मे २०२४ रोजी तिची मराठी वाहिनी सुरू झाली. त्याआधी, २०१४ मध्ये, नेटवर्क१८ रिलायन्सकडे गेले आणि लोकमतबरोबरच्या मराठी वृत्तवाहिनीतली भागीदारीही त्यासोबत गेली.

याचे वाशीला काय? वाशी, भूम, कळंबच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत आणि मोबदल्यावरून शेतकरी व कंपन्यांचे खटके उडत आहेत. वीजधंद्यातल्या घराण्याचीच वाहिनी ही बातमी देणार असेल, तर वरून फोन यावाही लागत नाही. कात्री आपोआप चालते. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीच्या जाहिरातींचे कमिशन हीच त्याची मिळकत. एका दारातून बातमी परत आली, तर ठोठावायला त्याला दुसरे दार हवे. पुढाऱ्यांचे पेपर महाराष्ट्राला नवे नाहीत. पण ते अनेक होते, एकाने दडवलेले दुसरा छापत असे.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर मर्यादा सुचवल्या. कायदा झाला नाही. सरकारच्या हाती लगाम नको, हा आक्षेप खरा आहे. लहान पत्रांना आधार म्हणून पानांवर किंमत बांधणारा १९५६ चा कायदा ‘सकाळ’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये रद्द केला, ते योग्यच. पाने मोजणे हे सरकारचे काम नव्हे. पण मालकी उघड केल्याने कुणाचे एक पानही कमी होत नाही.

पेपर वर्षातून एकदा मालकीचे निवेदन छापतात. भागधारक कंपनीमागचा मालक आणि तिच्यावरचे कर्ज त्यात दिसत नाही. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक पेपर-वाहिनीचा शेवटच्या मालकापर्यंतचा उतारा, बोज्यासकट, लोकांसमोर ठेवा. आणि एका प्रदेशात एका घराण्याकडे किती माध्यमे असावीत, याची मर्यादा सरकारने नव्हे, स्वतंत्र नियामकाने ठरवावी. जमिनीचा फेरफार मंजूर होण्याआधी चावडीवर नोटीस लागते, हरकतीला मुदत मिळते. बातमीचा फेरफार होताना गावाला तेवढीही मुदत मिळालेली नाही.