पन्नास नगांनंतर हक्क संपतो

धुळ्याकडून येणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग सुरतजवळ पलसाणा चौकडीला ४८ क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो. तिथून कडोदऱ्यापर्यंत डाइंग-प्रिंटिंगच्या मिलच मिल. कोऱ्या, म्हणजे ग्रे कापडाचा ताका आत जातो, छापून बाहेर पडतो. तंत्रज्ञान आणि बौद्धिक संपदेचा वकील म्हटला की लोकांना ॲप आणि पेटंट आठवतं. माझ्या टेबलावर बहुतेक वेळा साडी पसरलेली असते.

अशाच एका वादात दोन साड्या शेजारी ठेवल्या होत्या. एक माझ्या पक्षकाराची, दुसरी बाजारातून आणलेली, रंग तेवढा बदललेला. काठाजवळच्या वेलीत नक्षीचा रिपीट जुळवताना डिझायनरकडून एक पान अर्धवट कापलं गेलं होतं. तेच अर्धं पान दुसऱ्या साडीत, त्याच जागी! बघून नक्कल करणारा माणूस पान पुरं करतो. इथे फाइलच उचलली होती. पुरावा इतका बोलका असूनही मला आधी विचारावं लागलं, नोंदणी केली होती का? नव्हती.

सगळं तिथेच अडतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) सांगतं की डिझाइन नोंदणीयोग्य असून नोंदवलं नसेल, तर त्या डिझाइनचा माल औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा काढताच कॉपीराइट संपतो. महागडे डिझायनर कपडे पन्नासच्या आत राहतात, म्हणून त्यांना कोर्टात आधार मिळालेला आहे. पलसाण्याच्या मिलमध्ये पन्नास साड्या चहा निवायच्या आत छापून होतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली मायक्रोफायबर्सच्या खटल्यात सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीला हेच कलम लावलं. आपल्या गुजरातमधल्याच क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या वादात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कॉपीराइट आणि डिझाइन यांतली सीमा कशी पारखायची हे सांगितलं. पण ती पारख निव्वळ कलाकृती कोणती, हे ठरवण्यासाठी आहे. छापील साडीचं दुखणं तिने बरं होत नाही.

मग नोंदणी का करत नाहीत? २०००च्या डिझाइन कायद्यात दहा वर्षांचं संरक्षण आहे, वर पाच वर्षं वाढवता येतात, लहान व्यापाऱ्याला अर्जाची फीही परवडते. अट एकच, डिझाइन अर्जाआधी जगासमोर आलेलं नको. आणि इथे सॅम्पल निघालं की तासाभरात फोटो व्हॉट्सॲपवरून सुरतेतल्या रिंग रोडच्या सगळ्या मार्केटांत फिरतो. शिवाय शेकडो डिझाइनांतलं कोणतं चालेल, हे शेठला तरी आधी कुठे ठाऊक असतं? नोंदणी करूनही नक्कल झालीच, तर कायद्याने ठरवून दिलेली भरपाई एका डिझाइनमागे जास्तीत जास्त ५०,००० रुपये. त्याऐवजी नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, पण समोरच्याने नोंदणीलाच आव्हान दिलं की दावा उच्च न्यायालयात जातो. सुरतेच्या माणसाला अहमदाबाद गाठावं लागतं, आणि तोवर सीझन संपलेला असतो.

माझं ठाम मत आहे की छापील कापडाला बिननोंदणीचं, कमी मुदतीचं संरक्षण हवं. युरोपात ते आहे, डिझाइन लोकांसमोर आल्यापासून तीन वर्षं. सीझनवर जगणाऱ्या धंद्याला तेवढं पुरतं. सुरतेतल्या उधना-लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली कितीतरी मुलं संगणकावर वेली काढून पोट भरतात. त्यांनी रात्र जागून काढलेली फाइल कोणीही फुकट उचलावी, हे मला पटत नाही.

तोवर भिस्त जॉबवर्कच्या करारावर. फाइल मिलमध्ये कोणाच्या संगणकावर राहील, रंगांचं सेपरेशन करणारा ती बाहेर नेणार नाही, ऑर्डर संपल्यावर ती पुसली जाईल, हे लिहून घ्यायचं. कॉपीराइट गेला तरी विश्वासभंगाचा दावा उरतो, आणि असा कागद हातात असला की तो भक्कम होतो. त्या अर्ध्या पानाच्या साडीमागे फक्त तोंडी बोलणं होतं, वीस वर्षांच्या ओळखीचं.